चाळिशीनंतरचा आरसा : कमी खर्चात नीटनेटके कसे राहावे?

मराठी भाषेने 'चाळिशी' या एका शब्दात दोन गोष्टी बसविल्या आहेत. एक वय, आणि दुसरा त्या वयात नाकावर येणारा चष्मा. हे दोन्ही साधारण एकाच वेळी येतात. चष्मा लागला की वर्तमानपत्रातील अक्षरे स्पष्ट दिसू लागतात, आणि त्याबरोबर आरशातील आपला चेहराही! कानशिलाजवळचे पांढरे केस, गालावरचे वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, सुटलेले पोट हे सारे एकदम नजरेस पडते. मग कोणी हळहळतो, कोणी घाईघाईने दुकानातून क्रीम आणि केसांचा रंग घेऊन येतो, तर पुष्कळजण "आता या वयात कुणाला दाखवायचंय?" असे म्हणून आरशाकडे पाठच फिरवितात.

वाचकहो, या तिन्ही गोष्टी बरोबर नाहीत. नटणे वेगळे आणि नीटनेटके राहणे वेगळे. नटण्याला पैसा लागतो, हौस लागते. ती ज्याची त्याने ठरवावी. परंतु स्वच्छ दात, निरोगी त्वचा, विंचरलेले केस आणि अंगाला नीट बसणारे कपडे हा आरोग्याचाच भाग आहे, आणि त्यासाठी लागणारा खर्च फार थोडा आहे. खर्च वाढतो तो चुकीच्या वस्तूंवर, आणि त्यांतील काही वस्तू तर पैशाबरोबर आरोग्यही घेऊन जातात. शिवाय चाळिशीनंतरचा आरसा काही रोगांची पहिली सूचनाही देत असतो. ती सूचना पावडरीखाली झाकून टाकली तर नुकसान आपलेच. म्हणून या लेखात खर्च कोठे टाळावा, कोठे करावा आणि आरशात काय पाहावे, हे क्रमाने समजावून घेऊ.

गोरेपणाच्या क्रीमची खरी किंमत

घरात लग्नकार्य निघाले की क्रीमची खरेदी हमखास होते. मुलीच्या लग्नात आपला चेहरा उजळ दिसावा असे आईला वाटणे स्वाभाविक आहे. पण महिनाभरात गोरे करणारे क्रीम नेमके कशाने काम करते, हे कोणी विचारत नाही.

अशा क्रीममध्ये दोन घातक पदार्थ सापडतात. पहिला पदार्थ म्हणजे पारा. पारा त्वचेतील काळा रंग तयार होण्याची क्रिया थांबवितो, म्हणून चेहरा खरोखरच उजळतो. परंतु तोच पारा त्वचेतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. आपल्याच राज्यातील उदाहरण घ्या. २०२३ च्या सुरुवातीस अकोल्यातील एकाच घरातील तीन महिलांची हकिगत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली होती. तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपास झाला, तेव्हा तिघी एकच क्रीम वापरत होत्या आणि त्या क्रीममध्ये पारा होता असे आढळले. केरळमधील डॉक्टरांनीही जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदविले. त्यांतील १५ जणांमध्ये या विकाराचा एक दुर्मिळ प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते.

आपल्या देशात पाऱ्याची संयुगे वापरून सौंदर्यप्रसाधने तयार करण्यास मनाई आहे. तरीही ज्यावर बनविणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही अशा डब्या बाजारात येतात. कधी त्या परदेशी म्हणून विकल्या जातात, तर कधी "आम्ही स्वतः बनवितो" असे सांगून. अशी डबी फुकट मिळाली तरी घेऊ नये. आधीपासून वापरत असाल आणि चेहरा किंवा पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल, तर क्रीमची डबी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जावे आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी अगदी स्वस्त आहे.

दुसरा पदार्थ म्हणजे स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर बारीक अक्षरांत छापलेली असतात. ही औषधे वाईट नाहीत. इसब, सोरायसिस अशा विकारांत डॉक्टर ती मोजून देतात. पण मैत्रिणीने सांगितले किंवा दुकानदाराने दिले म्हणून तीच ट्यूब महिनोन् महिने चेहऱ्यावर लावली, तर पहिले काही दिवस चेहरा उजळतो आणि नंतर त्वचा पातळ होऊ लागते. लहान लहान रक्तवाहिन्या दिसतात, पुरळ येते, चेहऱ्यावर लव वाढते, उन्हात आग होते. क्रीम थांबविले की चेहरा लालबुंद होतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो आणि या चक्रात सापडतो. भारत सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तो याच कारणासाठी. ज्यांना अशी सवय लागली आहे त्यांनी स्वतःच्या मनाने एकदम बंद न करता चर्मरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ती सोडवावी.

जांघेतील किंवा काखेतील गजकर्णावरही हीच मिश्र मलमे सर्रास लावली जातात. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी मरत नाही. ती आतल्या आत पसरते. खाज थांबणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे, एवढे लक्षात ठेवावे.

आरशात काय पाहावे?

महिन्यातून एकदा सकाळच्या उजेडात, पावडर न लावता, आरशासमोर दहा मिनिटे उभे राहावे. पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) मान. मानेच्या मागे किंवा काखेत काळी, जाडसर, मखमलीसारखी त्वचा दिसते काय? पुष्कळांना तो मळ वाटतो आणि ते दगडाने घासत बसतात. घासून ती जात नाही. शरीरात इन्सुलिन नीट काम करीत नसल्याची ती खूण असू शकते. साबणावर खर्च करण्यापूर्वी रक्तातील साखर तपासावी. वजन उतरले की हा काळेपणाही कमी होऊ लागतो.

२) पापण्या. नाकाजवळच्या कोपऱ्यात पिवळसर चट्टे असतील तर कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. खालची पापणी ओढून आतला भाग फिकट दिसला तर हिमोग्लोबिन तपासावे.

३) भुवया आणि केस. भुवयांची बाहेरची टोके विरळ होणे, केस गळणे, त्वचा कोरडी पडणे, चेहरा सुजल्यासारखा वाटणे, त्यातच थकवा आणि बद्धकोष्ठ असेल, तर थायरॉइडची तपासणी करावी. स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो.

४) हनुवटी. मासिक पाळी थांबण्याच्या वयात स्त्रियांना हनुवटीवर एखाद-दुसरा राठ केस येणे नैसर्गिक आहे. परंतु थोड्या दिवसांत पुष्कळ केस येऊ लागले, आवाज जाड झाला, तर डॉक्टरांना दाखवावे.

५) नखे. चमच्यासारखी खोलगट नखे लोहाच्या कमतरतेने होतात. नखे पिवळी, जाड व ठिसूळ झाली असतील तर बुरशीची शंका घ्यावी. वर नेलपॉलिश लावून ती बरी होत नाहीत.

६) तीळ व चामखीळ. बहुतेक निरुपद्रवी असतात. पण जो तीळ वाढतो, आकार किंवा रंग बदलतो, ज्यातून रक्त येते, तो दाखवावा. चामखीळ दोऱ्याने बांधणे, चुना लावणे असे उपाय करू नयेत.

७) तळपाय. खाली हात आरसा धरून तळपाय पाहावेत. भेगा, कुरूप, बोटांच्या बेचक्यातील चिखल्या दिसतील. मधुमेह्यांनी हे रोज करावे, कारण त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते आणि लहानशी भेग मोठ्या जखमेचे मूळ ठरते.

साखर, रक्तदाब आणि तोंडाची तपासणी वयाच्या तिशीनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात व उपकेंद्रात केली जाते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. त्याचा लाभ अवश्य घ्यावा.

आपले ऊन, आपले पाणी

मासिकांतील सौंदर्याचे सल्ले बहुधा मुंबई-पुण्याच्या हवेला धरून लिहिलेले असतात. नांदेड-लातूरचे ऊन वेगळे आणि पाणीही वेगळे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो (ही तिसरी चाळिशी!). पाण्याचे तर सांगायलाच नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्या दिवसांत एका बादलीत घरातल्या दोघांची आंघोळ उरकणे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना "दिवसातून चार वेळा चेहरा धुवा" हा सल्ला काय सांगावा?

सुदैवाने तशी गरजही नाही. चाळिशीनंतर त्वचेतील तेलाचे प्रमाण कमी होत जाते. साबणाचा जास्त वापर केला तर ती अधिकच कोरडी पडते आणि खाज सुटते. साबण काख, जांघ, पाय एवढ्यापुरताच रोज लावावा. हातापायांना व पाठीला घाम-धूळ असेल तेव्हाच. आंघोळ झाल्यावर अंग पंचाने टिपून घ्यावे, घासू नये, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेलाचे चार थेंब किंवा थोडे व्हॅसलीन चोळावे. अंगात मुरलेले पाणी त्यामुळे उडून जात नाही. महागड्या क्रीमचे मुख्य कामही हेच असते. तेलाची बाटली घराघरांत असते; वेळ तेवढी साधावी लागते.

बोअरचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात, फेस येत नाही आणि तो साका केसांत राहून केस राठ होतात. ज्यांच्याकडे नळाचे गोडे पाणी येते त्यांनी निदान केस धुण्यापुरते ते साठवून ठेवावे. जड पाण्यात अंगाच्या साबणाने डोके धुण्याऐवजी साधा शांपू वापरावा. शांपूचा असा साका बनत नाही. आठवड्यातून दोनदा, एका लहान पुडीत काम भागते.

आता उन्हाविषयी. गालावर व कपाळावर येणारे तपकिरी वांग बाईला काळजीत टाकते. त्याची कारणे तीन: ऊन, संप्रेरकांतील बदल आणि अनुवंशिकता. यांपैकी आपल्या हातात फक्त ऊन आहे. अकरा ते चार या वेळेत बाहेर पडायचे असेल तर छत्री, रुंद काठाची टोपी, रुमाल, पदर किंवा ओढणी वापरावी. पुरुषांनी छत्री वापरण्यात कमीपणा मानू नये. आपल्या आजोबांच्या हातात ती बारा महिने असे. परवडत असेल तर एस.पी.एफ. ३० चे सनस्क्रीन लावावे, मात्र ते छत्रीला पर्याय नव्हे. बेसन, दूध, साय लावण्यास हरकत नाही. पण चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाऊ नये. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात.

पांढरे केस आणि काळी मेंदी

केस पांढरे होणे हा रोग नाही. नीट कापलेले, स्वच्छ पांढरे केस अर्धवट उतरलेल्या रंगापेक्षा कितीतरी शोभून दिसतात. तरीही ज्यांना रंग लावायचा आहे त्यांनी खालील काळजी घ्यावी.

काळ्या रंगात बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. कपाळ, कान, मान लाल होऊन पाणी सुटते, डोळे सुजून मिटतात. वर्षानुवर्षे रंग लावणाऱ्यालाही ती एखाद्या दिवशी अचानक होऊ शकते. म्हणून प्रत्येक वेळी रंगाचा एक ठिपका कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस लावून ४८ तास वाट पाहावी. खाज, लाली आली तर तो रंग पुन्हा कधीही लावू नये. 'अमोनिया नाही' असे पाकिटावर लिहिलेले असले तरी त्यात पीपीडी असू शकते. आणि लग्नाच्या किंवा हळदीच्या आदल्या रात्री नवा रंग लावण्याचे धाडस तर मुळीच करू नये!

मेंदीच्या बाबतीतही फसगत होते. शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी-तांबूस असतो आणि तो चढायला दोन-तीन तास लागतात. जी मेंदी थोड्या वेळात केस काळेभोर करते ती 'काळी मेंदी' म्हणजे बहुधा मेंदीच्या पाकिटातील पीपीडीच होय. ज्यांना गडद रंग हवा त्यांनी आधी मेंदी आणि मग निळीच्या पानांची पूड असा जुना क्रम वापरून पाहावा. पाकिटावर फक्त त्या वनस्पतीचेच नाव आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

कोंड्यावर तेल चोपडणे हाही एक गैरसमज आहे. कोंड्याला कारण होणारी बुरशी तेलावरच पोसते. कोंडा असेपर्यंत डोक्याला तेल कमी करावे आणि बुरशीनाशक शांपू फेस करून पाच मिनिटे ठेवून मग धुवावा.

हसताना हात तोंडावर का जातो?

चाळिशीनंतर चेहऱ्याचे वय सर्वात आधी दातांवरून कळते. दाढा पडल्या की गाल आत जातात आणि माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसू लागतो. हे क्रीमने भरून निघत नाही.

आपल्या भागात मिश्री लावणाऱ्या स्त्रिया अजूनही पुष्कळ आहेत. "दात घासते" असे म्हणून त्या दिवसातून दोन-तीनदा मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात काळे पडतात, हिरड्या खाली सरकतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. पुरुषांत गुटखा व खर्रा. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सवय गेली नाही. एक सोपी परीक्षा घरी करावी : तोंड उघडून आपलीच तीन बोटे उभी आत जातात काय? जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर त्याच आठवड्यात दंतवैद्यांना दाखवावे. वेळेवर दाखविले तर जीव वाचतो.

नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागात भूजलात फ्लोराइड जास्त असल्याने लहानपणीच दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडलेले पुष्कळजण आहेत. ते डाग दाताच्या आतच असतात. राख, विटेची पूड, मीठ यांनी घासल्यास डाग जात नाहीत, वरचे आवरण मात्र झिजते आणि दात शिवशिवू लागतात. अशांनी मऊ ब्रश वापरावा आणि डाग खुपत असतील तर दंतवैद्यांना विचारावे. इतरांनी रात्री झोपण्यापूर्वी दुसऱ्यांदा ब्रश करण्याची सवय लावली, तर संपूर्ण लेखातील सर्वात स्वस्त सौंदर्यप्रसाधन त्यांना मिळाले असे समजावे.

टेलरची टेप आणि परकराची नाडी

कपडे नवे असण्यापेक्षा अंगाला बरोबर बसणे महत्त्वाचे. खांद्यावरून ओघळणारा शर्ट किंवा बटणे ताणणारा ब्लाउज कितीही भारी कापडाचा असला तरी शोभत नाही. कपाटातील जुन्या कपड्यांपैकी चार निवडून टेलरकडून उसवून-आवळून घ्यावेत. नव्या एका शर्टाच्या पैशात हे होते. निघालेले बटण, उसवलेली शिवण, फाटलेला काठ रविवारी सुई-दोरा घेऊन बसले की अर्ध्या तासात नीट होतो. कपडा धुतल्यावर झटकून वाळविला तर इस्त्रीचा खर्चही निम्मा होतो.

टेलरच्या टेपचा आणखी एक उपयोग आहे. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला तर मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो. पँट दरवर्षी सैल करून घेण्यापूर्वी हा आकडा एकदा पाहावा. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणे हा उपाय टेलरकडे मिळत नाही, पण त्याला पैसेही पडत नाहीत.

कापड सुती असावे. आपल्या उन्हात टेरिकॉट घाम शोषून घेत नाही, त्यामुळे घामोळे आणि गजकर्ण वाढते. चांगले सुती कापड शोधायला लांब जायला नको. देशाचा खादीचा राष्ट्रध्वज तयार होतो त्या मोजक्या ठिकाणांत नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, आणि ध्वजासाठी लागणारी खादी उदगीरला विणली जाते. गांधी जयंतीच्या सुमारास खादीवर सवलत असते. त्या वेळी दोन शर्टांचे कापड घेतले तर ते वर्षानुवर्षे टिकते आणि धुण्यागणिक मऊ होते.

स्त्रियांनी परकराच्या नाडीकडे लक्ष द्यावे. बारीक नाडी रोज त्याच जागी करकचून बांधली की कंबरेला काळा वळ पडतो, खाज सुटते, साल निघते. त्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर क्वचित तेथे न भरणारी जखम आणि पुढे त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ सालीच धोतर बांधण्याच्या जागी होणाऱ्या अशा कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी अशाच दोन वृद्ध महिलांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांतील एक लुगडे घट्ट नेसणारी होती. घाबरण्याचे कारण नाही, कारण उपाय साधा आहे : नाडीऐवजी तीन-चार बोटे रुंद पट्टा शिवून घ्यावा, बांधण्याची जागा अधूनमधून बदलावी, घरी असताना सैल बांधावे. आणि कंबरेची जखम महिनाभरात भरली नाही तर लाजू नये, दाखवावी.

सलून आणि पार्लरमध्ये

दर महिन्याला केस कापणे आणि दाढी नीट राखणे एवढ्याने पुरुषाचे रूप पालटते. मात्र ब्लेड आपल्यासमोर नवे काढायला सांगावे. वापरलेल्या ब्लेडमधून कावीळ ब व क आणि एच.आय.व्ही.चा संसर्ग होऊ शकतो. एकाच तुरटीचा खडा सर्वांच्या गालावर फिरत असेल तर नको म्हणावे. आपला खडा घरून न्यावा. मालीश झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची हौस टाळावी. त्या झटक्याने मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊन अर्धांगवायूचा झटका आल्याची उदाहरणे आहेत. स्त्रियांनी पार्लरमध्ये फेशियलसाठी कोणते क्रीम वापरतात, त्याची डबी पाहायला मागावी. नाव नसलेली डबी असेल तर उठून यावे.

पैसा कोठे घालावा?

किमती गावोगावी वेगळ्या असतात, म्हणून रुपयांऐवजी क्रम देतो. पहिला खर्च दातांवर : ब्रश, पेस्ट आणि वर्षातून एकदा दंतवैद्य. दुसरा चष्म्यावर : रस्त्यावरचा तयार चष्मा घेण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत, कारण काचबिंदू आणि मधुमेहाचा डोळ्यांवरील परिणाम तपासणीतच सापडतो. तिसरा चपलेवर : टाच धरून ठेवणारी, बोटांना न आवळणारी चप्पल किंवा बूट. चौथा टेलर आणि सलूनवर. पाचवा छत्री, तेल, व्हॅसलीन, शांपू. यानंतर काही उरले तर हौस करावी. गंजगोलाईत किंवा वजिराबादेत जाऊन सुगंधी तेलाची बाटली घेतली तर त्यात काही पाप नाही!

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : मोठ्या कंपनीचे गोरेपणाचे क्रीम तरी चालेल ना?
उत्तर : परवाना असलेल्या मालात पारा असण्याची भीती कमी, पण गोरेपणा हे आरोग्याचे लक्षणच नाही. एका प्रसिद्ध क्रीमने २०२० साली आपल्या नावातील 'फेअर' हा शब्दच काढून टाकला. आपला रंग आपल्या उन्हापासून संरक्षण करतो. डाग कमी करणे एवढेच ध्येय ठेवावे.

प्रश्न : टाचांच्या भेगांना काय लावावे?
उत्तर : रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय ठेवावेत, पुसावेत, व्हॅसलीन लावून सुती मोजे घालून झोपावे. दोन आठवड्यांत फरक पडतो. मधुमेह्यांनी पाय पाण्यात बुडवून ठेवू नयेत, ब्लेडने कातडी कापू नये, आणि भेग खोल असेल तर डॉक्टरांना दाखवावी.

प्रश्न : डोळ्यांखालची काळी वर्तुळे कशाने जातील?
उत्तर : आधी झोप, हिमोग्लोबिन आणि चष्म्याचा नंबर तपासावा. पुष्कळांत ती घराण्यातूनच येतात. त्यावर पैसे घालवू नयेत.

प्रश्न : या वयात नीट राहायला लागलो तर लोक हसतील!
उत्तर : हसतील, पंधरा दिवस. नंतर तेच विचारतील की चष्मा कोठे तपासला आणि शर्ट कोणत्या टेलरने नीट केला.

घर, शेत, नोकरी, मुलांची शिक्षणे या रगाड्यात चाळिशी-पन्नाशीचा माणूस आपल्याकडे पाहायचे विसरून जातो, आणि घरातील बाई तर सर्वांच्या शेवटी. दहा मिनिटांचा आरसा, रात्रीचा ब्रश आणि टेलरची टेप या तीन गोष्टींपासून सुरुवात करावी. आणि बिननावाची क्रीमची डबी घरात असेल, तर तिचे झाकण उघडण्यापूर्वी तिच्यावरचा पत्ता शोधावा. तो सापडला नाही, तर डबी चेहऱ्यापासून दूर ठेवावी.